राजिवड्याच्या हाजराची पुस्तकवाली कॅसेट

रत्नागिरीच्या राजिवड्यात हाजरा नावाच्या बायका पुष्कळ. एक मासळी विकणारी, एक मुलांना कुराण शिकवणारी, एक नुसतीच भांडणारी. पण "हाजराचं घर कुठं?" असं कुणी परगावच्या माणसानं विचारलं, तर रिक्षावाला आधी विचारी, "पुस्तकवाली?" आणि उत्तराची वाट न बघता रिक्षा सुरू करी.

ही हाजरा दाभोळची. बारावी पास, रंगानं सावळी, बोलायला बेताची. मस्कतपासून बहारीनपर्यंत कोकणातली जेवढी माणसं वाळूत घाम गाळत होती, त्यांतल्या कितीतरी जणांच्या कानांत तिचा आवाज बसला होता, आणि त्यांतल्या एकानंही तिचा चेहरा पाहिला नव्हता. महिना-पंधरा दिवसांनी ती एक कॅसेट भरी. त्यात एखाद्या पुस्तकाचा तुकडा वाची, त्यावर चार शब्द बोले, ऐकणाऱ्यांनी काय कळवलं ते ऐकवी. कॅसेट कुणाच्या तरी बॅगेतून विमानात बसे आणि तिकडे या कॅम्पातून त्या कॅम्पात फिरे. लोक तिला राजिवडा रेडिओ म्हणत. गावात म्हणत, काय हो वाचनाचं वेड या बाईला! वेड होतं, यात वाद नाही. ते वाचनाचं होतं का, हे मात्र कुणी विचारलं नाही.

सुरुवात झाली अठ्ठ्याण्णव साली. हाजराचा नवरा मन्सूर मस्कतला पाण्याचा टँकर चालवी. ज्या घरातला माणूस आखातात, त्या घरात तेव्हा पत्रापेक्षा कॅसेट चाले. कुणी निघालं की त्याच्या बॅगेत सुकट, कोकम आणि कॅसेट जायची, आणि कुणी आलं की अत्तर, टॉर्च आणि कॅसेट यायची. कॅसेट भरायचा म्हणून एक रिवाजच होता. टेपरेकॉर्डर मध्ये ठेवून सगळं घर भोवती बसे. आधी वडीलधारी बोलत, मग नणंदा, मग मुलं कविता म्हणत, मग शेजारीण सहज आलेली असे ती बोले. सगळ्यांत शेवटी बायको. आणि बायको बोलायला लागली की बाकीचे उठून जात, असा काही रिवाज नव्हता. उलट तेव्हाच सगळ्यांचे कान टवकारत.

रजा संपवून जाताना मन्सूर हाजराला म्हणाला होता, "पत्रात तू लिवतंस, सगळे खुशाल. ता मना ठावं हाय. तू बोल."

तिची पाळी आली तेव्हा समोर मां, म्हणजे तिची सासू, मांडी घालून बसलेली. शेजारी नणंद तोंडाला पदर लावून हसत होती. नणंदेची लहान मुलगी महरीन टेपच्या फिरत्या चकत्यांकडे डोळे लावून होती. हाजरा म्हणाली, "अस्सलाम वालेकुम. मी खुशाल हाय. तुमी खुशाल?" आणि जीभ टाळ्याला चिकटली. कॅसेट फिरतच राहिली.

"अगो, बोल की," मां म्हणाली. "फुकट जाते कॅसेट."

हाजराच्या मांडीवर वाचनालयातून आणलेलं पुस्तक होतं. काहीच सुचेना, तेव्हा तिनं ते उघडलं आणि जिथं खूण होती तिथून वाचायला लागली. एका पोस्टमनच्या बायकोची गोष्ट होती. नणंद हसायची थांबली. मां कान देऊन ऐकायला लागली. बाजू संपून बटण खटकन वर आलं तेव्हा पोस्टमनची बायको विहिरीवर उभी होती, आणि मां म्हणाली, "मग?"

मन्सूरची कॅसेट परत आली तेव्हा तोही तेच म्हणत होता. आधी मांची तब्येत, मग माडांची चौकशी, मग एकदम, "ती विहिरीवरली बाई पुढं काय करते? पुढचं पाठव." सगळ्यांदेखत नवऱ्यानं आपल्याशी काहीतरी बोलावं आणि त्यात लाजायचं काहीच नसावं, याचा हाजराला इतका आनंद झाला की त्या दिवशी तिनं आमटीत दोनदा मीठ घातलं.

तेव्हापासून एक बाजू हाजराच्या वाचनाची आणि दुसरी घरादाराची, अशी वाटणी ठरली. मन्सूर तिकडे घरच्यांच्या बाजूवर आपलं उत्तर भरी. "त्या बाईला सांग, एवढी रुसू नको, नवरा कामाला गेलाय," असं तो म्हणे आणि हाजरा समजून घेई. पुढच्या कॅसेटमध्ये वाचता वाचता ती म्हणे, "ही बाई रुसलेली नाय, नुसती वाट बघतेय." मां म्हणे, "असं पुस्तकात लिवलंय?" हाजरा म्हणे, "हां, लिवलंय."

इथं कॅसेटची एक गोष्ट सांगितली पाहिजे. कॅसेटच्या वरच्या कडेला प्लास्टिकचे दोन बारके तुकडे असतात. ते मोडून टाकले की त्या कॅसेटवर पुन्हा काही भरता येत नाही, आत असेल ते शाबूत राहतं. दुकानातून आणलेल्या गाण्यांच्या कॅसेटचे ते मोडलेलेच असतात. पण घरच्या, जाण्यायेण्याच्या कॅसेटचे कोण मोडणार? ती पुन्हा भरायचीच असते. मन्सूरची कॅसेट आली की सगळे ऐकत, दुसऱ्या दिवशी मां पुन्हा ऐके, आणि पुढच्या आठवड्यात कुणी मस्कतला निघालं की त्याच बाजूवर मां, नणंद आणि महरीन आपलं भरत. बटण दाबायचं काम हाजराचं. आखाताशी नातं असलेल्या प्रत्येक घरात हेच चाले, आणि यात काही चुकतंय असं कुणाच्याही मनात आलं नाही. बोलणारा माणूस जिवंत असतो तेव्हा त्याचं बोलणं कोण जपून ठेवतं?

नव्याण्णव सालच्या नोव्हेंबरात मन्सूर झोपेतच गेला. निरोप शेजाऱ्यांच्या फोनवर आला. तिकडेच दफन केलं. कागदपत्रांच्या भानगडीत मय्यत इकडे आणायला महिना लागला असता, असं कंपनीच्या माणसानं सांगितलं आणि दिरानं होकार दिला. हाजराला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी ती हो म्हणाली असती. त्या दिवशी तिला काही विचारलं असतं तरी ती हो म्हणाली असती.

बायका आल्या. "रड गो, मन मोकळं कर," असं सांगून स्वतःच रडल्या. हाजरा त्यांच्या पावलांकडे बघत बसली. दारातल्या चिखलानं एकीच्या साडीचा काठ भरला होता, तो वाळल्यावर निघेल की साबण लावावा लागेल, एवढाच विचार तिच्या डोक्यात होता. चार दिवस गेले, दहा गेले, तरी तिला रडू आलं नाही. बायका आपसांत म्हणू लागल्या की दाभोळची पोर दगडाची आहे. दगड म्हणा, काही म्हणा, तिला आत काही लागतच नव्हतं. हात झोपला की चिमटा घेतलेला कळत नाही, तसं तिचं सगळं अंग झालं होतं.

नवऱ्यामागं बाईनं चार महिने दहा दिवस घरात बसायचं, त्या इद्दतीत एका दुपारी तिला वाटलं, मन्सूरचा आवाज ऐकावा. ऐकला तर रडू येईल कदाचित. पुन्हा भरून ठेवलेल्या, पण न्यायला कुणी न मिळाल्यानं राहिलेल्या सगळ्या कॅसेटा तिनं फडताळातून काढल्या आणि एकेक लावली. पहिलीत ती स्वतः वाचत होती. दुसरी बाजू लावली, मां माडांबद्दल बोलत होती. तिसरीत नणंद. पुढचीत महरीन कविता म्हणत होती, मध्येच विसरून पुन्हा पहिल्यापासून. मग ती स्वतः, पुन्हा ती स्वतः. एकीत शेजारीण होती आणि मागं तिचा कोंबडा होता. राजिवड्यातला कोंबडासुद्धा त्या कॅसेटांत सापडला, मन्सूर सापडला नाही. लग्नाची व्हिडिओ कॅसेट होती. तीत मन्सूर दोस्तांशी तोंडभरून बोलत होता, पण व्हिडिओवाल्यानं हौसेनं सगळ्यावर सिनेमाची गाणी चढवली होती. मन्सूरचे ओठ हलत आणि कुणीतरी पार्श्वगायक गाई.

हाजरानं कॅसेटा परत फडताळात लावून ठेवल्या. आपणच बटण दाबलं, हे तिला कळलं. कळलं एवढंच. त्याचंही तिला काही वाटलं नाही, आणि काही वाटत नाही याची मात्र तिला पहिल्यांदा भीती वाटली.

रमजान झाल्यावर मन्सूरच्या खोलीतला हमझा रजेवर आला. तो दाभोळचाच, हाजराच्या माहेरचा. मन्सूरची बॅग घेऊन तो पडवीत बसला आणि हाजरा आतून पडद्याआडून बोलली. कपडे, घड्याळ, टेपरेकॉर्डर असं त्यानं एकेक सांगितलं.

"आणि कॅसेट?" हाजरानं विचारलं.

हमझा म्हणाला, "एक व्हती भाभी. शेवटची. त्यानं आमाला सगळ्यांना खोलीच्या भायेर काढलान आणि दार लावून बोलत बसला. आमी हसलो त्याला. मग बाजूच्या कॅम्पातला एक पोरगा तुमचं वाचन कॉपी करायला म्हणून ती घेऊन गेला, आणि दोन दिसांनी मन्सूर... पोरग्याची बदली झाली. कॅसेट कुणाला दिलान, ठावं नाय."

आत काही आवाज झाला नाही. हमझाला वाटलं, रडत असेल.

"फिरत असेल भाभी," तो म्हणाला. "तुमच्या कॅसेटी कोण टाकून देत नाय. या खोलीतून त्या खोलीत जातात. येईल फिरून." मग घसा साफ करून म्हणाला, "आमचे लोक इचारतात. त्या पुस्तकाचं पुढं काय झालं? आता बोलायला बरं दिसत नाय, पण इचारतात."

इद्दत संपायची होती तरी हाजरानं दुसऱ्या दिवशी दुपारी, नमाज झाल्यावर, खिडकीला गोधडी लावली आणि पुढचं वाचायला बसली. खाडीत होड्यांची इंजिनं थांबलेली असत तो वेळ तिनं हेरला होता. वाचून झाल्यावर शेवटी ती एवढंच बोलली. ऐकून झालं की कॅसेट परत पाठवा. दुसरी बाजू कोरी असेल तर तुम्ही कोण, कुठले, पुस्तक कसं वाटलं ते बोला. दुसऱ्या बाजूला कुणी बोललेलं असेल, तर ते पुसू नका. ही शेवटची तीन वाक्यं पुढं आठ वर्षं प्रत्येक कॅसेटच्या शेवटी आली.

आणि कॅसेटा यायला लागल्या. हेदवीचा एक जण बहारीनला आचारी होता. पुस्तकातल्या बाईनं बांगड्याच्या कालवणात चिंच घातली म्हणून तो अर्धी बाजू लेखकाला झापत होता. सावर्ड्याचा विनोद नावाचा क्रेनवाला म्हणाला, "ताई, पुढचं पुस्तक असं वाचा की त्यात कोण मरत नाय." बोटीच्या इंजिनात काम करणारा एक जण बोलला, पण धडधडीपुढं त्याचं एक अक्षर समजलं नाही, तरी हाजरानं ती बाजू शेवटपर्यंत ऐकली. ती प्रत्येक बाजू शेवटपर्यंत ऐके. बोलणं संपून नुसती खरखर उरली तरी ऐके, कारण खरखरीच्या पलीकडे जुनं काही उरलेलं असू शकतं.

त्यांतली निवडक बोलणी ती पुढच्या कॅसेटमध्ये ऐकवी आणि उत्तरं देई. चिंचेवाल्याला तिनं सांगितलं की लेखक देशावरचा आहे, त्याला माफ करा. त्यावर आखातभर हशा पिकला म्हणे. लोकांना वाटे, काय आपुलकी आहे या बाईला, एकेकाचं नाव लक्षात ठेवते! खरं म्हणजे नाव घेतलं की माणूस पुन्हा बोलतो, दोस्तांना ऐकवतो, आणि दोस्तांच्या ट्रंकेतल्या जुन्या कॅसेटाही बाहेर निघतात, एवढा हिशेब तिच्या ध्यानात आला होता. ऐकणारे वाढले, तशा परत येणाऱ्या कॅसेटा वाढल्या. वाचनालयात कमळाबाई होत्या, त्या नियमापेक्षा जास्त पुस्तकं हाजराच्या पिशवीत भरत. कोळंबी सोलायला बसलेल्या बायकाही आता शेडमध्ये कॅसेट लावून बसू लागल्या. कॅसेटचं नाव झालं.

पुस्तकात पुरुष बोलायला लागला की हाजरा आवाज खाली उतरवी आणि संथ करी. तिच्या मते मन्सूर तसा बोले. बाईच्या गळ्यातून पुरुषाचा आवाज तो किती निघणार, पण तिला तेवढा पुरे. मास्तर, पाटील, बोटीवरचा तांडेल, जो कुणी पुस्तकात भला असेल तो तिच्या वाचनात मन्सूरसारखा बोले.

दाभोळहून भाऊ येऊन गेला. स्थळ चांगलं होतं, बिजवर, घर पक्कं. हाजरा म्हणाली, कॅसेटचं काम आहे. भाऊ म्हणाला, ते काय काम झालं? तिनं त्याला ताट वाढलं, आणि तो जेवून गेला. बाजारातला कॅसेटवाला आप्पाही आला. तो म्हणाला, आपण चांगल्या कव्हरात घालून या विकू, नाव होईल. हाजरा म्हणाली, विकलेली कॅसेट परत येते का? आप्पा म्हणाला, परत कशाला येईल? मग नको, म्हणाली. आप्पानं गावभर सांगितलं की अशी निःस्वार्थी बाई पाहिली नाही.

दोन हजार पाच साली वाचनालयानं तिचा सत्कार केला. शाल, नारळ आणि फूलमाळ. पाहुण्यांनी भाषणात सांगितलं की अक्षरांवर अशी निष्ठा आज दुर्मिळ झाली आहे. निष्ठा हा शब्द त्यांनी इतक्या वेळा उच्चारला की मांला डुलकी लागली. हाजरा खुर्चीत ताठ बसून होती. पायाशी तिची पिशवी होती आणि पिशवीत त्याच सकाळी सलालाहून आलेली, अजून न ऐकलेली कॅसेट होती. घरी जाऊन तिनं शाल न सोडताच ती लावली. रायगडकडचा कुणी गृहस्थ व्याकरणाच्या चुका काढत होता. तिनं शेवटपर्यंत ऐकलं.

मग कॅसेटचेच दिवस भरत आले. टेप बिघडले ते कुणी दुरुस्त करीना. लोकांच्या हातात मोबाइल आले. महिन्याकाठी पिशवीभर येणाऱ्या कॅसेटांऐवजी दोन-तीन येऊ लागल्या, कधी एकही नाही. हाजरा रोज दुपारी गोधडी लावून वाचायला बसे, पण ते कुठं जातंय आणि काय परत येणार, हे तिला दिसत होतं. आठ वर्षांत पहिल्यांदा ती झोपेतून दचकून उठू लागली.

नणंदेची महरीन तोवर कॉलेजात कॉम्प्युटर शिकत होती. ती म्हणाली, "मामी, कॅसेटी सोड आता. आपण इंटरनेटवर टाकू. पॉडकास्ट म्हणतात त्याला. केपटाऊनचा माणूसपण ऐकेल."

"आणि परत काय येतं?" हाजरानं विचारलं.

"लोक लिवतात ना खाली. आवडलं, नाय आवडलं."

"आवाज येत नाय?"

"आवाज कशाला येईल?"

"मग नको."

महरीन हट्टी होती. ती कारण विचारत राहिली, तेव्हा हाजरानं भांडी घासता घासता सांगून टाकलं. फडताळातल्या कॅसेटा, हमझा, बंद दार, शेवटची कॅसेट. हे तिनं कधी कुणाला सांगितलं नव्हतं, आणि सांगताना तिचा आवाज डाळीचा भाव सांगावा तसा सपाट होता.

महरीन खाली बसली. "म्हणजे मामूच्या आवाजावर मी कविता भरली?"

"तू, तुझी आई, मां. सगळ्यांनीच भरलं. बटण मी दाबलं."

महरीन रडली. हाजरानं ओल्या हातानं तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि उरलेली भांडी घासली.

शेवटी महरीननंच तोड काढली. इंटरनेटवर पहिल्याच भागात सांगायचं की राजिवड्याची जुनी कॅसेट कुणाकडे असेल, तर ती काही न पुसता घरी पोचवा. हाजरा तयार झाली. दोन हजार सात सालच्या दिवाळीच्या सुट्टीत महरीननं माइक आणला, त्याच खिडकीला तीच गोधडी लावली. हाजरानं आयुष्यात पहिल्यांदा कॅसेट न फिरता वाचलं, आणि बाजू संपत नाही म्हणून थांबावं कुठं ते तिला कळेना. आधी महरीनच्या मैत्रिणींनी ऐकलं. मग लंडनचे कोकणी, मग खरोखरच केपटाऊनचे. मस्कतच्या ऑफिसांत जेवणाच्या सुट्टीत कॉम्प्युटरवर राजिवडा रेडिओ लागू लागला. महरीन रोज आकडा सांगे आणि हाजरा विचारी, "कॅसेट?"

फेब्रुवारीत सावर्ड्याचा विनोद आला. हाच तो, कुणी न मरणारं पुस्तक मागणारा. आता केस पिकले होते. रजेवर आला होता, ट्रंक धुंडाळली होती, आणि एसटीनं थेट रत्नागिरी गाठली होती.

"ताई, एवढी एकच मिळाली," तो म्हणाला. "सोहारला एका पोरग्यानं जाताना दिलेली. तुमचं वाचन म्हणून ठेवलेली. दुसरी बाजू मी कधी लावलीच नाय. तुम्ही पुसू नका म्हणालात, म्हणून भरली पण नाय."

दुपारची वेळ होती. मां आतल्या खोलीच्या उंबऱ्यात तांदूळ निवडत होती. महरीननं टेप पुसून आणला. पहिल्या बाजूला हाजरा वाचत होती, पोरीच्या आवाजात, घाईघाईनं. स्वतःला ओळखून तिला संकोच वाटला. तिनं कॅसेट काढली आणि उलटी करून घातली.

खरखर झाली. मग एक पुरुष बोलू लागला. आवाज बारीक, नाकातून येणारा, आणि प्रत्येक वाक्याच्या आधी खाकरणारा. मांची तब्येत कशी आहे, औषध घेते का, पुस्तक ऐकलं, तो शाळेचा भाग चांगला आहे, असं तो भराभरा बोलत होता.

हाजरानं या आठ वर्षांत असे शेकडो पुरुष ऐकले होते. पहिल्या दोन वाक्यांत तिला कळे. "हा नाय," ती विनोदला म्हणाली, त्याला वाईट वाटू नये म्हणून जरा हसून. "असे पुष्कळ येतात, भाऊ. तुम्ही एवढ्या लांबून आलात, जेवून जा." आणि तिनं बंद करायला बटणावर बोट ठेवलं.

"हात काढ गो," उंबऱ्यातून मां म्हणाली. सूप तिच्या मांडीवरून घसरलं होतं. "माझा मन्सूर बोलताय."

हाजराचं बोट तिथंच राहिलं. तिनं मांकडे पाहिलं, मग टेपकडे. तिनं पुन्हा कान दिला, जीव कानात आणून कान दिला. बारीक, नाकातला, खाकरणारा आवाज. तो तिला ओळखीचा वाटला नाही. तिचा मन्सूर संथ आणि खालच्या पट्टीत बोले. आठ वर्षं रोज दुपारी ती त्याला बोलवत आली होती.

टेपमधला माणूस खाकरला आणि म्हणाला, "आता मां, तू जरा भायेर जाऊन बस. सगळ्यांना घेऊन जा. मना हिच्याशी बोलायचंय."

मां उठली. गुडघ्यांवर हात देत, भिंत धरत उठली, महरीनला आणि विनोदला हातानंच चला म्हणाली, आणि त्यांना घेऊन पडवीत गेली. मुलानं सांगितलं होतं आणि आई गेली. दार तिनं मागं ओढून घेतलं.

हाजरा त्या आवाजापाशी एकटी राहिली आणि तिचा हात आपोआप डोक्याकडे गेला. परका पुरुष घरात आल्यावर घेतात तसा तिनं पदर कपाळावर ओढून घेतला. आपण काय केलं ते तिच्या मग ध्यानात आलं.

"ऐकतंस काय?" तो म्हणाला. "बघ, पुस्तक चांगला हाय. पोरं वाट बघतात. पण खरं सांगू? मना पुस्तकातलं काय लक्षात राहत नाय. तू वाचतंस आणि मी तुझं ऐकत बसतो. पुढल्या येळेला पुस्तक नको वाचूस. मां समोर असली तर असू दे. तू बोल. काय शिजवलंस, कोण आयला, कोण गेला, कायपण सांग. मना तुझं काय ता ठावंच नाय." तो खाकरला. लांब कुणीतरी दार वाजवलं आणि तो ओरडला, "थांबा रे जरा!" मग हळू, "हसतायत. हसू दे."

बटण खटकन वर आलं.

हाजरा रडली. आठ वर्षांपूर्वी रडायचं राहिलं होतं ते हे नव्हे. मन्सूर मेला म्हणून ती रडली नाही. तो दारात येऊन उभा राहिला आणि तिनं त्याला, हा नाय, जेवून जा म्हटलं, याचं तिला रडू आलं. सगळं अंग दुखत होतं. झोपलेला हात जागा होताना दुखतो तसं, आणि तिला ते सोसत नव्हतं.

थोड्या वेळानं तिनं डोळे पुसले, कॅसेट बाहेर काढली, वरचे दोन्ही तुकडे नखानं मोडून टाकले, आणि पुन्हा पहिल्यापासून लावली. बारीक आवाज, नाकातला. मांची तब्येत, औषध, शाळेचा भाग. ती कान टेपजवळ नेऊन ऐकू लागली, नवी भाषा शिकायला घ्यावी तशी, एकेक शब्द. मधूनच तिला वाटे की आता ओळखला, आणि पुढच्या वाक्याला पुन्हा निसटे.

पडवीतून मांनं विचारलं, "झालं काय गो त्याचं बोलून?"

"नाय," हाजरा आतून म्हणाली. "अजून बोलतायत."